पाठमोरे हमालकाका

वृद्धाश्रमाच्या वरच्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खाटेचा लोखंडी दांडा सकाळपासून वाजायला लागायचा. खाटेवरचा म्हातारा तो धरून गदागदा हलवायचा, दम खायचा, पुन्हा हलवायचा. शेजारपाजारचे म्हातारे शिव्या देऊन थकले होते. मेट्रनबाईंनी दांड्याला जुनं फडकं गुंडाळून पाहिलं, तर गृहस्थाने फडकं सोडून दुसऱ्या बाजूचा दांडा वाजवायला घेतला. जन्मभर जिन्यांवरून कपाटं, पलंग, पेट्या चढवत-उतरवत आलेला माणूस, म्हणून त्याला सगळे हमालकाका म्हणत. मध्यंतरी पडून त्याचा डावा खुबा मोडला होता. हाड जुळलं, पण चालणं राहिलं ते राहिलंच.

चर्चचा परदेशी गट सेवेला आला तेव्हा पहिल्याच दिवशी प्रत्येकाला काम वाटून दिलं गेलं. बहुतेकांच्या वाट्याला कुंपण रंगवणं आलं. दर वर्षी कुठला ना कुठला गट यायचा आणि दर वर्षी कुंपणच रंगवायचा, त्यामुळे त्या बिचाऱ्या कुंपणावर लाकडापेक्षा रंग जास्त झाला होता. गटातली एक मुलगी मात्र फिजिओथेरपिस्ट होती. एवढा लांबलचक शब्द म्हाताऱ्यांच्या कवळीत अडकायचा, म्हणून तासाभरात तिचं नाव व्यायामवाली पडलं. तिचा हा या देशातला तिसरा फेरा, त्यामुळे भाषा मोडकीतोडकी का होईना येत होती आणि भांडण्यापुरती तर चांगलीच येत होती.

ती स्वतःही काही कमी अस्वस्थ नव्हती. गटप्रमुख रोज सकाळच्या प्रार्थनेत सांगायचे, माणूस स्वस्थ बसला तरच त्याला देवाचं ऐकू येतं. ते डोळे मिटून हे सांगत असताना हिचा पाय खुर्चीखाली हलत असायचा. मागच्या दोन्ही फेऱ्यांत तिने गाणी म्हटली, मुलांना खेळवलं, निघताना सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली, आणि घरी गेल्यावर तिला एकच प्रश्न छळत राहिला: आपण जाऊन नेमकं काय केलं? या वेळी एक तरी गोष्ट पुरी करून जायची, असं तिने मनाशी पक्कं ठरवलं होतं.

हमालकाकांच्या खाटेपाशी ती गेली आणि नेहमीच्या गोड आवाजात म्हणाली, "चला काका, हात वर करूया."

"कशाला? मी काय पकडला गेलोय?"

"व्यायाम हो. अंग मोकळं होतं."

"मला जिना उतरव. तेवढं येत असेल तर थांब, नाहीतर जा कुंपणाकडे."

तिला राग आला, पण जिन्याचं कोडं काही सुटेना. शेवटी मेट्रनबाईंनी सांगितलं. काकांची बायको याच इमारतीत, खालच्या मजल्यावर होती. बायका खाली, पुरुष वर, असा इथला नियम. पूर्वी काका रोज उतरून तिच्याशेजारी बसायचे. खुबा मोडल्यापासून ते बंद झालं. काकूंना वर आणायचं म्हटलं तर जिना दिसताच त्या किंचाळायच्या. त्यांच्या डोक्यातलं एकेक सामान हलत चाललं होतं. मागच्या रविवारी मुलगा भेटायला आला, तर त्यालाच हात जोडून म्हणाल्या, "आपण कोण?" मुलगा वर येऊन बापाजवळ बसून रडला. तेव्हापासून हा दांडा वाजतोय.

"मग काकांनाच उचलून खाली न्या ना," व्यायामवाली म्हणाली. "दोन माणसं, एक खुर्ची. पाच मिनिटांचं काम."

"नेलं असतं. खुर्चीला हात लावला तर कप फेकून मारला त्याने."

तिने पुन्हा काकांना विचारलं. ते म्हणाले, "सामान उचलतात. तिच्यासमोर मी सामान म्हणून जायचं?" आणि तोंड भिंतीकडे करून दांडा हलवायला लागले.

झालं. दुसऱ्या दिवसापासून व्यायामवालीने कुंपणाला रामराम ठोकला. गटप्रमुखांनी सौम्यपणे सुचवलं की एकाच माणसासाठी सगळा वेळ देणं बरं नाही, सेवा सर्वांची असते. ती म्हणाली, "हो, बरोबर आहे," आणि सरळ वर गेली. खाटेच्या कडेवर बसवणं, उभं करणं, खाटेपासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत. काका चालायचे ते घाईने, दात-ओठ खाऊन. थांबा म्हटलं तर थांबायचे नाहीत आणि बसा म्हटलं तर भांडायचे. "ती तिथे एकेक माणूस विसरतेय आणि तू मला बसवतेस?" दोघांच्याही पायाला भिंगरी, त्यामुळे एकाने दुसऱ्याला आवरावं असं तिथे कुणी नव्हतं.

दारापर्यंत सगळं ठीक झालं. जिन्यावर घोडं अडलं.

तिने पढवलेलं सोपं होतं. उतरताना दुखरा पाय आधी, मग चांगला, हात कठड्यावर. काका वरच्या पायरीवर उभे राहिले, खाली बघितलं आणि थबकले. जिन्याला कठडा एकाच बाजूला, उतरताना डावीकडे, आणि काकांचा डावा खांदा कपाटांनी कधीच खाल्लेला. तो हात छातीच्या वर जात नसे. त्यांनी एकदम पाठ फिरवली, जिन्याकडे पाठ करून उजव्या हाताने कठडा धरला आणि मागच्या मागे पाय खाली सोडला.

"काका! पडाल! सरळ व्हा!"

"हेच सरळ आहे. खालच्या हमालाने पाठमोरंच उतरायचं असतं."

"इथे कपाट नाहीये."

"मला आहे की नाही ते तू कोण सांगणार?"

तिने त्यांना ओढूनच वर घेतलं. दोघांची चांगलीच जुंपली. सरळ तोंड करून उतरायचं, नाहीतर उतरायचं नाही, असं तिने बजावलं. काकांनी दोन दिवस तोंड सरळ करून पाहिलं. दोन्ही दिवस पहिल्याच पायरीवर घामाने भिजून परत फिरले. ते म्हणाले, खाली बघितलं की खड्डा दिसतो. आमच्या धंद्यात खाली बघायचंच नाही. खालच्याने वरच्याच्या तोंडाकडे बघायचं. वरच्याला पायऱ्या दिसतात, तो बोलतो, खालचा पाय टाकतो. तिने मान हलवली. पुस्तकात असं काही नव्हतं, आणि मोडलेल्या खुब्याच्या माणसाला जिन्यावर मागे चालवून तो पडला असता तर तिला कुणी माफ केलं नसतं. तिने स्वतःला तर मुळीच केलं नसतं.

घाई कमी होती म्हणून की काय, त्यातच परतीचं विमान रद्द झालं. जागा मिळाली ती आदल्या दिवशीच्या विमानात. रात्रीच्या जेवणावर गटप्रमुखांनी जाहीर केलं की उद्या सकाळी नाश्ता झाला की बस निघेल. सगळे हळहळले, कुंपणाची एक बाजू राहिली म्हणून. व्यायामवालीने ताट बाजूला सारलं. रात्रभर तिने कूस बदलली. हाही फेरा फुकट गेला, हे तिला सहन होत नव्हतं, आणि आपल्याला म्हाताऱ्याची काळजी जास्त आहे की आपल्या फेऱ्याची, हेही तिला ठरवता येईना.

सकाळी बसमध्ये बॅगा चढत होत्या तेव्हा ती वर पळाली. काका खाटेच्या कडेवर बसले होते, स्वच्छ सदरा घालून, दाढी करून. दांडा वाजत नव्हता. बस त्यांनी खिडकीतून बघितली होती.

"चाललीस," ते म्हणाले.

"चालले. उठा. पाठमोरं उतरायचं. मी वरची."

काकांनी तिला एकदा न्याहाळलं. "बोलता येईल?"

"भांडता येतं, तर बोलता नाही येणार?"

तिने त्यांच्या कमरेला जाड पट्टा बांधला, तो मुठीत घट्ट धरला, आणि एका सेवकाला खाली दोन पायऱ्या सोडून उभं केलं. काकांनी त्याला हात लावायची सक्त मनाई केली. मग त्यांनी जिन्याकडे पाठ केली, कठडा उजव्या हाताने धरला आणि तिच्या तोंडाकडे बघितलं.

"दुखरा," ती म्हणाली. पाय खाली गेला, चाचपडला, टेकला. "चांगला." तोही आला. "दुखरा. चांगला." काकांची नजर तिच्यावरून हलत नव्हती. या माणसाचे डोळे घारे आहेत, हे इतक्या दिवसांत तिला पहिल्यांदाच कळलं. वळणावर त्यांचा चांगला पाय सटकला. पट्टा ताणला गेला, तिचं ढोपर भिंतीवर आपटलं, खालचा सेवक "अरे अरे" करत धावला. "हात लावू नको!" काका ओरडले, आणि तिला म्हणाले, "बोल. थांबलीस का?" बाहेर बसचा हॉर्न वाजला. "दुखरा," ती म्हणाली.

जिन्याच्या पायथ्याशीच बायकांची बसायची खोली होती, आणि दाराजवळच्या खुर्चीत काकू बसल्या होत्या. मांडीवरच्या रुमालाच्या घड्या करत होत्या, मोडत होत्या. काकांचा दुखरा पाय शेवटच्या पायरीवरून फरशीवर टेकला तेव्हा त्यांनी मान वर केली. त्यांना दिसली ती वाकलेली, घामाने चिकटलेली एक पाठ.

"अहो," काकू म्हणाल्या. "आलात? केवढा उशीर!"

काका होते तिथेच थिजले. कठड्यावरची मूठ पांढरी पडली. व्यायामवाली अजून एक पायरी वर होती, पट्टा धरून. ती आनंदाने पुटपुटली, "काका, ओळखलं त्यांनी. वळा ना!"

काका वळले नाहीत.

"आणि किती वाळलात!" मागून काकू म्हणाल्या. "पाठीची हाडं दिसताहेत. जेवत नाही वाटतं वेळेवर?"

"जेवतो," काका जिन्याकडे बघत म्हणाले.

"वळा," ती पुन्हा कुजबुजली. "समोर बसा त्यांच्या."

"नको," काका म्हणाले. त्यांचा आवाज तिच्यापुरताच होता. "मुलगा तिच्या समोरूनच गेला होता."

मग ती खाली उतरली. भिंतीजवळचं स्टूल तिने काकूंच्या खुर्चीपुढे ठेवलं आणि काकांना मागच्या मागे दोन पावलं आणून त्यावर पाठमोरं बसवलं. काकूंनी रुमाल उलगडला आणि त्यांच्या मानेवरचा घाम पुसायला लागल्या, मानेवरून खांद्यावर, खांद्यावरून पाठीवर, आणि घरातल्या कुठल्या तरी पलंगाबद्दल काहीबाही सांगायला लागल्या. काका "हं", "हो", "बघतो" म्हणत राहिले. मेट्रनबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. यांना परत वर कसं न्यायचं, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं.

बसचा हॉर्न लागोपाठ वाजायला लागला. गटप्रमुख आत आले ते ओरडायलाच, पण आत आल्यावर त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. व्यायामवाली काकांसमोर गुडघ्यांवर बसली, निरोप घ्यायला. त्यांचा सगळा चेहरा ओला झाला होता आणि तो पुसायला ते हात वर करत नव्हते, कारण हात हलला तर पाठ हलली असती.