हुसेनसागरातलं गलबत

हुसेनसागरात शिडाचं गलबत आणलंय, ही बातमी आमच्या घरी मीच आणली आणि तिकिटंही मीच काढली. कुठल्याशा खाजगी कंपनीनं कोकणातलं जुनं गलबत ट्रकवर घालून आणलं होतं. त्या वर्षांत शहरात असलं काहीही येत होतं, आज केबल, उद्या पिझ्झा, परवा गलबत. सुट्टीच्या दिवशी सकाळी दहाला चढायचं, एक फेरी, मधे धक्क्यावर जेवण, मग दुसरी फेरी आणि चारला घरी, असा बेत होता.

त्यात माझा स्वार्थ होता, लपवत नाही. मला अमेरिकेत नोकरी लागली होती. दिलसुखनगरच्या एका क्लासात कॉम्प्युटर शिकले, नारायणगुड्याच्या एका ऑफिसात दोन वर्षं घासली, आणि आता पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का होता. बाबा पहिल्याच दिवशी ‘हौ, जा की’ म्हणून मोकळे झाले. आई मात्र दीड महिना हो म्हणेना की नाही म्हणेना. विषय काढला की उठून गॅसपाशी जायची. या फेरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अमेरिकेतल्या कंपनीला शेवटचं कळवायचं होतं, आणि आईच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी कळवणार नव्हते. हट्टी तीही आणि मीही.

म्हणून हे गलबत. आई कोकणातली, तांडेलाची मुलगी. तिच्या वडिलांचं स्वतःचं गलबत होतं आणि सुकाणूवर तेच असायचे. बाबांचं घराणं मराठवाड्यातलं, निजामाच्या राज्यातलं. अंबरपेठेतल्या आमच्या गोतावळ्यात समुद्र बघितलेलं माणूस ती एकटीच. मला वाटलं, पंचवीस वर्षांनी गलबतावर पाय ठेवला की ही खुलेल, जुनं काही बोलेल, आणि त्या भरात माझंही काय ते सांगून टाकेल.

कसलं काय. आधी बाबांनी ‘आरामात निघू’ म्हणत अर्धा तास घालवला. धक्क्यावर आईनं आमच्या चपला काढायला लावल्या, गलबतावर पायताण चालत नाही म्हणाली, आणि मी मनात म्हटलं, चला, सुरुवात झाली. पण चढल्यापासून तिला एका जागी बसवेना. बसायची, उठायची, पदर खोचायची, सोडायची, या कडेवरून त्या कडेला जायची. बाकीचे लोक पाणी बघत होते, शिडाखाली फोटो काढत होते, आणि ही पाठ फिरवून किनाऱ्याकडे बघत उभी. गलबतवाला दोनदा सांगून गेला, ‘अम्मा, बैठ जाव, गिर जाते आप.’ बाबा पुऱ्यांचा डबा मांडीवर घेऊन डुलक्या काढत होते.

माझा जीव वर-खाली होत होता. दिवस हातातून चाललेला. मी आपली तिला बोलतं करायला बघत होते. हा दोर कशाला लागतो विचारलं, तर माहीत नाही. शीड वळवतात कसं, माहीत नाही. वारा कुठल्या बाजूनं घ्यायचा, तेही माहीत नाही. शेवटी माझं डोकंच फिरलं. चारचौघांत तिच्यावर खेकसले, की तांडेलाची मुलगी ना तू, मग एवढं साधं कसं ठाऊक नाही, का मुद्दाम करतेस?

ती म्हणाली, “मी गलबतावर कधी चढलेच नव्हते. बायकांनी चढायचं नसतं.”

आम्हा हैदराबादच्या माणसांची अक्कल ती एवढीच. समुद्राकाठची म्हणजे समुद्रावर हिंडलेली, असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो होतो. पंचवीस वर्षांत कुणी तिला विचारलंही नव्हतं.

मग तिनं आपणहून सांगितलं. तिचं सगळं लहानपण किनाऱ्यावर गेलं. गलबतं यायच्या दिवसांत बायका-पोरी पुळणीवर उभ्या राहायच्या आणि शिडाच्या ठिगळावरून कुणाचं आलं ते ओळखायच्या. आजोबांच्या शिडाला खालच्या कोपऱ्यात लाल ठिगळ होतं, आजीनं शिवलेलं. ते सगळ्यात आधी हिला दिसायचं. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेली तेव्हा आजोबा बाहेर गेलेले. परत निघायच्या आदल्या दिवसापासून ही पुळणीवर उभी. शीड काही दिसलं नाही आणि एसटीची वेळ झाली. आजोबा त्याच संध्याकाळी आले, सुरमई घेऊन तसेच स्टँडवर गेले, पण गाडी कधीच सुटलेली. पुढच्या चैत्रात ते वारले. तेव्हा माझ्या वेळचे दिवस भरत आले होते, तिला जाताही आलं नाही.

हे सगळं तिनं भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मला माझी लाज वाटली. उद्याचा विषय आता काढायचाच नाही, असं मी ठरवून टाकलं.

धक्क्यावर जेवणं झाली. दुसऱ्या फेरीची घंटा झाली तशी बाबा उठले, मी उठले, आई बसूनच राहिली. तिकिटं काढलीत, चल, म्हणून मी हात धरला. तिनं तो सोडवून घेतला.

“तू जा. ह्यांनाही ने,” ती म्हणाली. “मला इथून बघायचंय. परत येताना तुझं शीड मला दिसू दे गो.”

गेलो आम्ही. गलबत तळ्याच्या मध्यावर गेलं, तरी मला ती दिसत होती. सकाळभर एका जागी न ठरलेली बाई अख्खी फेरी धक्क्याच्या पायऱ्यांवर जागची हलली नाही, डोळ्यांवर हात धरून उभी होती. बाबांनी लांबून हात हलवला. माझ्याच्यानं हलवेना, मला रडू आवरत नव्हतं.

उतरल्यावर तिनं माझे केस नीट केले, वाऱ्यानं झिंज्या झालेल्या. म्हणाली, “कळव त्यांना उद्या. पण यायचा दिवस मला आधी सांगायचा. आदल्या दिवसापासून उभं राहायला आता पाय चालत नाहीत माझे.”

मी हो म्हटलं. ती असेपर्यंत चार वेळा तारीख कळवली. त्यातल्या दोनदाच आले.