आधी फोन बंद, मग उठायचं

यान्नेस होविंग बडबड्या होता असं मी सांगितलं, तर आमच्या डब्यातलं कुणी विश्वास ठेवणार नाही. त्यांनी त्याला झ्वोलाच्या फलाटावर पाहिलेलं नाही. मी ग्रोनिंगेनला चष्म्याच्या दुकानात कामाला जाते आणि रोज तीच गाडी धरते, त्यामुळे फलाटावर त्याची टकळी माझ्या कानाशी चालू असे. सायकल लावायला जागा मिळाली नाही, शेजाऱ्याने कुंपण छाटलं नाही, ताक आता पूर्वीसारखं आंबट येत नाही. आणि मधे मधे रूलफीन.

रूलफीन त्याची बायको. वसंतात तिला पक्षाघाताचा झटका आला आणि तिची वाचा गेली. लेकीचं घर जवळ म्हणून तिला ग्रोनिंगेनच्या एका शुश्रूषागृहात ठेवलं होतं, आणि यान्नेस रोज गाडीने तिच्याकडे जाई. बोलायला शिकवणारी बाई त्याला म्हणाली होती, वाचा एखाद दिवशी येईलही. त्या 'येईलही'वर हा माणूस तग धरून होता.

"आलीदा, तिने मला नुसतं 'गाढवा' म्हटलं ना, तरी पुरे," तो एकदा मला म्हणाला. "लग्न झाल्यापासून तेच तर म्हणत आली आहे."

मग गाडी येई, आम्ही शांत डब्यात चढत असू, आणि यान्नेस बदलून जाई. आमच्या गाड्यांना असा एक डबा असतो. खिडकीच्या काचेवरच 'शांतता' असं लिहिलेलं असतं, आणि तिथे बोलायचं नसतं. बाकीचे लोक पेपर वाचायला किंवा डुलकी काढायला तिथे बसतात. यान्नेस राखण करायला बसे. नोकरीत असताना तो कालव्यांच्या पाण्याची पातळी तपासायचा. निवृत्त झाल्यावर कालवे सुटले आणि आम्ही त्याच्या तावडीत सापडलो.

कुणी कुजबुजलं की तो उठत नसे, बोलत नसे. फक्त काचेवरच्या त्या शब्दावर बोटाच्या पेराने टकटक करी आणि त्या माणसाकडे बघत राही. आमच्याकडे नियम दाखवला की माणूस आधी ओशाळतो आणि मग विचार करतो. म्हाताऱ्या बायका, कॉलेजची पोरं, एकदा तर एक पाद्री, सगळे लाल होऊन गप्प बसले. फोनसाठी त्याने स्वतःचा एक जादा नियम काढला होता. फोन आला तर बोलत बोलत दाराकडे जायचं नाही, कारण तेवढ्यात अख्ख्या डब्याला ऐकू जातं. आधी फोन बंद, मग उठायचं, आणि दाराशी जाऊन परत लावायचा. आम्ही तोही पाळायला लागलो. मेंढरं परवडली.

सित्स्के नावाची मुलगी त्याच्या समोरच्या रांगेत बसत असे. गोंधळ घालणारा कुणी दाढीवाला पोरगा नाही, की हातात बाटली घेऊन गाणारं टोळकं नाही. परिचारिकेचं शिकणारी, केस घट्ट बांधलेली, स्वतःचा पावाचा डबा मांडीवर ठेवून टिपणं वाचणारी मुलगी. उन्हाळ्यात एका सकाळी मेप्पल स्टेशन गेल्यावर तिचा फोन थरथरला. तिने तोंडावर हात धरून हळूच म्हटलं, "बाबा? आत्ताच नेतायत?"

टकटक.

तिने यान्नेसकडे पाहिलं. डोळ्यांनीच विनवलं. यान्नेसने पुन्हा टकटक केली, या वेळी जरा जोरात. तिने फोन बंद केला, उठली, दाराशी गेली. काचेतून आम्हाला ती दिसत होती. फोन कानाला लावायची, काढायची, परत लावायची. पलीकडून कुणी उचलत नव्हतं. वडिलांना तोवर शस्त्रक्रियेला आत नेलं होतं, आणि ते आतून जिवंत बाहेर आले नाहीत. हे मला नंतर तिच्या मैत्रिणीकडून कळलं.

मी ते फलाटावर यान्नेसला सांगितलं. वाटलं, हा जरा तरी हलेल.

"फार वाईट झालं," तो म्हणाला. "पण डब्याला काय माहीत, कुणाचा फोन कशासाठी आहे? एकाला सूट दिली की संपलं."

मला इतका राग आला की त्या दिवशी मी त्याच्याशेजारी बसले नाही. दुसऱ्या दिवशी बसले. जागा ठरलेल्या असतात.

सित्स्के आठवडाभराने परत आली, त्याच जागेवर बसली. यान्नेसशी ती भांडली नाही की रडली नाही. फलाटावर मात्र ती आमच्याजवळ येऊन उभी राहू लागली. यान्नेसला बोलायला आणखी एक कान मिळाला. रूलफीनला काय भरवलं, आज तिने ओठ कसे हलवले, नर्सने काय कबूल केलं, सगळं तो तिला सांगे. ती लक्ष देऊन ऐके, मधेच विचारीही. "वाचा आलीच, तर नर्स तुम्हाला लगेच कळवणार ना, होविंगसाहेब?" यान्नेस म्हणाला, तसं सांगूनच ठेवलंय. मला वाटलं, मुलीचं मन मोठं आहे.

शरद ऋतू संपत आला होता. बाहेर धुकं इतकं की शेतातल्या गाई दिसत नव्हत्या. होखेवेन सुटलं आणि यान्नेसच्या खिशात फोन थरथरला. त्याने तो काढला, नाव वाचलं, आणि त्याच्या तोंडावरचा रंगच उडाला. नियम विसरून त्याने फोन कानाला लावला. जरा वेळ नुसतं ऐकलं.

"फीन?" तो म्हणाला. अख्ख्या डब्याला ऐकू गेलं. "फीन, तू बोलतेयस?"

टकटक.

सित्स्के उठली नव्हती. तिच्या खिडकीवरही तोच शब्द होता, त्यावर बोटाचं पेर होतं, आणि ती यान्नेसकडे बघत होती. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. यान्नेसने आमच्याकडे पाहिलं. एकेकाकडे पाहिलं. त्याच्या बोटाने आजवर ज्यांना गप्प केलं होतं ती सगळी माणसं तिथे होती, आणि सगळ्यांनी खिडकीबाहेरच्या धुक्यात डोळे खुपसले. कुणीतरी पेपर उलटला.

तिने पुन्हा टकटक केली.

तो "काय बिघडलं" म्हणू शकला असता. ओरडू शकला असता. बोलत बोलत दाराकडे पळाला असता तर त्याला कोण अडवणार होतं? पण यान्नेस लाल झाला. ओशाळला. "माफ करा," असं पुटपुटला, फोन बंद केला, आणि मग उठला.

दाराशी उभा राहून तो आस्सेन येईपर्यंत फोन लावत होता. पलीकडे वाजत राही, कुणी उचलत नसे.

काय झालं ते त्याने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. रूलफीनने सकाळी नाश्त्याला एकदम त्याचं नाव घेतलं होतं. नर्सने धावत जाऊन फोन लावला आणि तिच्या कानाशी धरला. त्याचा आवाज ऐकून ती हसली, आणि म्हणाली, "हं, बोल." हे यान्नेसने ऐकलं होतं. त्यापुढचं नर्सने पाहिलं. ती फोन कानाशी दाबून वाट बघत राहिली, आणखी एकदा "बोल ना" म्हणाली, आणि मग तिला दुसरा झटका आला. सगळे तिच्याभोवती धावले. फोन पलंगाखाली वाजत होता.

रूलफीन त्यानंतर बोलली नाही. ख्रिसमसच्या आधी गेली. ग्रोनिंगेनलाच झालेल्या अंत्यविधीनंतर कॉफी आणि केकचा एकेक तुकडा होता. सित्स्केही आली, यान्नेसचा हात हातात घेऊन दोन शब्द बोलली. त्याने तिचे आभार मानले. तिने जे केलं ते नियमाला धरून होतं, हे त्याला मनापासून पटलेलं होतं. मला वाटतं, त्या पटण्यानेच तो माणूस संपला.

मला राहवलं नाही. परतताना फलाटावर मी तिला विचारलं, "तो फोन कुणाचा होता, तुला कळलं नव्हतं?"

"कळलं होतं," सित्स्के म्हणाली. "त्याच फोनची तर वाट बघत होते."

गाडी आली. आम्ही शांत डब्यात चढलो, आणि ती यान्नेसच्या जागेवर जाऊन बसली.