भर दुपारचं सातवं ग्रीन

चालता चालता मागे वळून बघायची ताईंना खोड होती. लग्नानंतर बरीच वर्षं नवऱ्याला वाटे, आपण किती मागे राहिलो ते बघतेय. ताई बघत असत ती स्वतःची पावलं. तुडवलेलं गवत चटकन उभं राहिलं तर ठीक. पावलाचा ठसा तसाच राहिला तर गवत तहानलेलं. गोल्फच्या मैदानाचं गवत तीस वर्षं सांभाळून ही सवय अशी मुरली होती, की घरातल्या सतरंजीवरूनही त्या मागे बघत जात.

मैदानावर ग्रीन अठरा. ग्रीन म्हणजे चेंडू ज्या भोकात घालायचा, त्याच्याभोवतीचं अगदी बारीक कापलेलं गवत. त्यातली सतरा शहाणी होती. सातवं मात्र खोलगट जागेत, तीन बाजूंना झाडं, वारा तिकडे फिरकायला तयार नाही. उन्हाळा सरत आला की ते मान टाकायचं. लागोपाठ दोन वर्षं अर्धं करपलं, तेव्हा क्लबच्या चिटणिसांनी यंदा जाहीर केलं, की उन्हाळ्याच्या शेवटच्या रविवारी समिती बघायला येईल. गवत जगलं नसेल तर उपटून प्लास्टिकचं बसवू.

चिटणीस वनस्पतींतले जाणकार होते. घरी त्यांच्या तीन कुंड्या होत्या, पैकी दोन रिकाम्या. भर उन्हात पाणी घातलं की गवत भाजतं असं त्यांचं ठाम मत होतं, म्हणून त्यांनी सातव्याच्या नळाला अकरा ते चार कुलूप ठोकलं.

ताईंनी समजावून पाहिलं. "दुपारचं पाणी पिण्यासाठी नसतं हो, तोंडावर मारायला असतं. उन्हातून आल्यावर तुम्ही नाही का मारत?"

"मी माणूस आहे, ताई."

यावर ताई गप्प बसल्या. त्यांच्या या संयमाचं माळ्यांमध्ये पुढे कितीतरी दिवस कौतुक चाललं होतं.

मग त्यांनी आपल्या परीने कंबर कसली. कापायच्या यंत्राचं पातं केसभर वर घेतलं, म्हणजे गवताच्या अंगावर थोडं कापड राहील. मुळांना हवा मिळावी म्हणून जमिनीला बारीक भोकं पाडली. पहाटे पोटभर पाणी. आणि दुपारी एक वाजता झारी. झाऱ्या भरून आणायचं काम नवऱ्याकडे आलं. ते निवृत्त शिंपी. त्यांना सगळे मास्तर म्हणत. निवृत्ती म्हणजे आडवं होणं, अशी त्यांची समजूत होती. तळ्यापासून सातव्यापर्यंत चाळीस खेपा झाल्यावर ते म्हणाले, की मी तुझ्याकडे पाणी भरतो असं लोक इतकी वर्षं उगाच म्हणायचे, आता निदान खोटं तरी बोलत नाहीत.

रविवारच्या आठ दिवस आधी एक कड निळसर राखाडी पडली. ताई तिथून चालल्या आणि मागे बघितलं. ठसे जसेच्या तसे. त्या तिथेच मटकन बसल्या. मास्तरांनी दोन झाऱ्या उचलल्या आणि सत्तराव्या वर्षी चक्क धावले.

रविवारी समिती सकाळी दहाला येणार होती. ताईंनी निरोप धाडला, की दुपारी एकला या. गवत सगळ्यात वाईट दिसतं ती वेळ बाई स्वतः मागतेय म्हटल्यावर चिटणीस खूश झाले. त्यांनी प्लास्टिकवाल्यालाच बरोबर आणलं. त्याने ग्रीनच्या शेजारी उन्हात आपली गुंडाळी उलगडली. काय तो हिरवा रंग! ताईंचं गवत त्यापुढे आजारातून उठलेल्या माणसासारखं दिसत होतं. ती कड अजून फिकटच होती. पण सगळं उभं होतं. झारी नुकतीच फिरून गेली होती.

"आता बूट काढा," ताई म्हणाल्या.

ऐंशी वर्षांचे अध्यक्ष ताईंचा शब्द मोडत नसत. त्यांनी बूट काढले, फाटका मोजाही काढला, आणि ते सातव्यावर गेले. गवत गार होतं. त्यांनी डोळे मिटले. चिटणीस मोठ्या ऐटीत अनवाणी प्लास्टिकवर जाऊन उभे राहिले. आधी हसले, मग हसू तसंच ठेवून एक पाय उचलला, मग दुसरा. आणि सातवी उडी मारून ते थेट ताईंच्या गवतात आले.

प्लास्टिकवाला घाईघाईने म्हणाला, "त्यात काही नाही साहेब, जरा पाणी मारलं की थंड होतं."

"किती वाजता मारायचं?" ताईंनी विचारलं.

"हेच, दुपारी. ऊन तापलं की."

मास्तर इतके हसले की त्यांना झारीवर बसावं लागलं. चिटणिसांनी खिशातून किल्ली काढली आणि कुणाकडेही न बघता, बूट न घालताच नळाकडे गेले. कुलूप उघडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. प्लास्टिकवाला गुंडाळी आवरायला वाकला आणि हात झटकत उठला. ती निवेपर्यंत त्याला थांबावं लागणार होतं.

अध्यक्ष मात्र सातव्यावरून हलेनात. मागून खेळत येणारे चौघे हाका मारून दमले, तरी ते नुसता हात वर करत आणि पायांची बोटं गवतात रुतवून पुन्हा डोळे मिटून घेत.