नाकारता येणार नाही

ते माणसाच्या तोंडाकडे आधी कधीच बघत नसत. समोर कोणीही आलं की डावा डोळा बारीक करायचे आणि पायांपासून सुरुवात करायचे. घोटे, पोटऱ्या, गुडघे असं करत त्यांची नजर चेहऱ्यापर्यंत पोहोचेतो समोरचा माणूस अवघडून चपला नीट करायला लागलेला असे. मग ते गंभीरपणे मान हलवत आणि म्हणत, "नाकारता येणार नाही."

ही त्यांची घोडा पारखण्याची पद्धत होती. प्रत्यक्षात घोडा त्यांनी किती वेळा पाहिला होता, हा प्रश्न निराळा. वरातीतले घोडे पाहिले होते, आणि तेही लांबून, कारण घोड्याला त्यांची भीती वाटते असं ते सांगत.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात आम्ही दोघं स्टोअर्समध्ये शेजारच्या टेबलांवर बसलो आणि एकाच सुमारास निवृत्त झालो. पण त्यांचं खरं कार्यालय म्हणजे जेल रोडवरची चहाची टपरी. मुंबईत किंवा पुण्यात घोड्यांची रेस असली की त्या दिवशी सकाळी ते बाकड्याच्या बरोबर मधे बसणार, नाशिकरोड स्टेशनवरून आणलेलं रेसचं पुस्तक मांडीवर उघडणार आणि आम्ही विचारायची वाट न बघता सुरू करणार.

"पहिली शर्यत. एक नंबरचा घोडा मागे दोनदा हरला, पण तेव्हा पाठीवर वजन जास्त होतं. आज कमी आहे. नाकारता येणार नाही. दोन नंबर घोडी आहे. सुरुवातीला रेंगाळते, पण जॉकी नवीन आहे, तो हलवेल तिला. नाकारता येणार नाही. तीन नंबर म्हातारा झालाय. पण म्हाताऱ्यांना पल्ल्याचा अंदाज असतो."

"म्हणजे तोही नाकारता येणार नाही," आम्ही म्हणायचो.

"आता तुम्हाला जमायला लागलंय," असं म्हणून ते चहाचा घोट घ्यायचे.

आठ घोडे पळणार असले तर ते आठही नाकारत नसत. संध्याकाळी त्यातला एक पहिला यायचाच. मग फोनवर निकाल बघून मांडीवर थाप मारत ते गरजायचे, "मी म्हटलं होतं ना?" म्हटलं होतं हे खरंच. त्यांनी सगळंच म्हटलेलं असायचं. असे तज्ज्ञ तुम्हीही पाहिले असतील. हल्ली ते टीव्हीवर कोट घालून बसतात. आमचे तज्ज्ञ बाकड्यावर बसत, इतकाच फरक.

एकदा मात्र त्यांनी आठातला एक घोडा नाकारला होता. "हा नुसता गर्दी करायला आलाय," असं स्पष्ट म्हणाले होते. तोच पहिला आला. आम्ही ते महिनाभर त्यांना ऐकवलं. टपरीवाल्यानेही सोडलं नाही. तेव्हापासून त्यांनी जगातल्या कोणत्याही घोड्याला नाकारलं नाही.

स्वतः त्यांनी रेसवर कधीही पैसे लावले नाहीत. का, असं विचारलं तर म्हणत, "परीक्षक कधी परीक्षेला बसतो का?" मुंबईला जाऊन एकदा रेस बघून तरी या, असं सुचवलं तर उत्तर तयार असे, "प्रत्यक्ष बघितलं की माणूस भावनेच्या आहारी जातो. अभ्यास बिघडतो."

हा अभ्यास घोड्यांपुरता राहिला असता तर काहीच बिघडलं नसतं. पण वहिनींनी दोडके आणायला पाठवलं की ते टोपलीसमोर डोळा बारीक करून उभे राहत आणि भाजीवाली आवराआवर करायला लागली की रिकामी पिशवी घेऊन परत येत. निवडणुकीत उभ्या असलेल्या सगळ्या उमेदवारांशी त्यांचे उत्तम संबंध असत, कारण प्रत्येकाला त्यांनी "तुम्हाला संधी आहे" असं सांगितलेलं असे. हे सगळं आम्ही हसण्यावारी नेत होतो. मुक्ताच्या लग्नापाशी मात्र हसू आटलं.

मुक्ता त्यांची एकुलती एक मुलगी. अंबडला एका कारखान्याच्या हिशेब विभागात कामाला. शिकलेली, शांत, बापावर जीव असलेली. तिला बऱ्यापैकी स्थळं आली. हे प्रत्येक मुलाचे घोटे बघत आणि वर्षभर विचार करत. "नोकरीची सुरुवात जोरात केलीय, पण मधल्या टप्प्यात काय करतो ते बघू." ते बघत असतानाच मुलगा दुसरीकडे बोहल्यावर चढे. वहिनी एकदा आमच्या देखत म्हणाल्या, "तुमचे घोडे लग्नं करून मोकळे झाले, त्यांना पोरंही झाली. तुम्ही बसा पुस्तक वाचत."

मग मुक्तानेच एक मुलगा घरी आणला. सागर त्याचं नाव, तिच्याच कारखान्यात होता. मूळचा येवल्याकडचा, घरची कांद्याची शेती. मुक्ताचं मन त्याच्यावर बसलं होतं, हे टपरीवाल्यालाही कळत होतं. ह्यांनी त्याचे पाय पाहिले, पोटऱ्या पाहिल्या आणि आम्हाला येऊन सांगितलं, "जवळच्या पल्ल्याला बरा आहे. लांब पल्ल्याचं काही सांगता येत नाही."

"मग नाही म्हणून टाका," मी म्हणालो.

"नाही कसं म्हणणार? नाकारता येणार नाही."

असं करत दुसरं वर्ष उजाडलं. शेवटी सागरच्या वडिलांनी, आबांनी, निरोप धाडला. चैत्रात आमच्या गावच्या देवीची यात्रा आहे, तिथे शर्यती असतात, माझीही जोडी पळणार आहे, तर या आणि जाताना काय ते हो किंवा नाही सांगून जा. सागरला दुसरीकडूनही विचारणा आली होती. मुक्ता एवढंच म्हणाली, "बाबा, या वेळी नाकारा नाहीतर होकार द्या. पण काहीतरी एक द्या."

माझ्याकडे गाडी होती, म्हणून मलाही नेलं. नाशिक सुटल्यापासून विंचूर मागे पडलं तरी हे मागच्या सीटवरून शर्यतीच्या घोड्यावर व्याख्यान देत होते. शेजारी वहिनी झोपल्या होत्या किंवा झोपेचं सोंग घेऊन होत्या. मुक्ता काचेबाहेर बघत होती.

गावात पोहोचलो आणि व्याख्यान बंद पडलं. आमच्या नाशिक भागातली टांग्याची शर्यत ह्यांनी पाहिलेली नव्हती. हलका दोन चाकांचा टांगा, आणि त्याच्या जूला एका बाजूला घोडा तर दुसऱ्या बाजूला बैल. दोघांनी मिळून पळायचं. हे एका जोडीपुढून दुसऱ्या जोडीपुढे गेले, डोळा बारीक केला आणि मला बाजूला घेऊन कुजबुजले, "अहो, यात अर्धा उमेदवार बैल आहे!"

"असू दे की. तुम्ही घोड्याचं बघा."

"आणि बैलाचं कोण बघणार? बैल माझ्या पुस्तकात नाहीत."

तेवढ्यात माइकवरच्या तरुणाने पुकारा केला. "आपल्यामधी नाशिकचे लय मोठे रेसतज्ज्ञ आलेले हायेत. कोनती जोडी पयली येनार, हे ते आता सांगतील. काका, या वर."

ते मंचावर चढले. एकेका घोड्याचं सुरू झालं. हा छातीला रुंद आहे, त्याच्या पायांच्या नळ्या चांगल्या आहेत, या पांढऱ्याला नाकारता येणार नाही, त्या तांबड्यालाही नाकारता येणार नाही. लोक आधी कौतुकाने ऐकत होते. नंतर चुळबुळ सुरू झाली. ह्यांनी सवयीने विचारलं, "या डावीकडच्या बैलाचे वडील कोण?" तेव्हा सगळं मैदान हसलं. पुढे बसलेल्या एका म्हातारीने हात उंचावून विचारलं, "आरं बाबा, समदेच पयले आल्यावर हारनार कोन?"

"काका, एकच नाव सांगा," माइकवाला म्हणाला.

मग मैदानातूनच ओरडा सुरू झाला. एकच नाव, एकच नाव. ह्यांनी घाम पुसला. मांडवाखाली सागरच्या आईशेजारी मुक्ता उभी होती. ती हसत नव्हती. तिने एकदा वर पाहिलं आणि मान खाली घातली. बापाला ती पुरती ओळखून होती. मला वाटलं, आता हा माणूस पाणी मागेल, खोकेल, काहीतरी करून खाली उतरेल, आणि हे स्थळही गेलं.

त्यांनी माइक तोंडाच्या फार जवळ नेला. "आबांची जोडी," ते म्हणाले. आवाज इतका मोठा आला की बैल बिथरले.

आता खरं सांगतो. आबांच्या घोड्याकडे त्यांनी धड बघितलंही नव्हतं. आणि जोडी काय पळाली म्हणता! झेंडा पडल्याबरोबर घोडा सुसाट सुटला, बैलाला मात्र घाईचं काही कारण दिसेना. त्याने टांगा डावीकडे ओढला, तो थेट धावपट्टी सोडून काढणी झालेल्या रानात. कांद्याच्या ढिगापाशी दोघंही थांबले, आणि बैल शांतपणे पात खाऊ लागला. हाकणारा टांग्यातच बसून होता. बाकीच्या जोड्या पोहोचून धूळ खाली बसली तरी आबांची जोडी तिथेच होती.

लोक आमच्या तज्ज्ञांकडे बघून पोट धरून हसत होते. मीही हसत होतो, खोटं कशाला बोलू? आबा टोपी हातात घेऊन आले. "पाव्हनं, माझ्यापायी तुमचं नाव गेलं. चारचौघात हसं झालं."

मी कान टवकारले. आता बैलाच्या आजोबांपर्यंत कारणं जाणार, अशी माझी खात्री होती.

"गेलं तर गेलं," ते म्हणाले. "मी एकदा नाव सांगितलं. आता हरली काय आणि जिंकली काय, माझं तेच नाव आहे."

आबा गोंधळले. "म्हंजी?"

तेव्हा वहिनी पुढे झाल्या. "आबा, ते हो म्हणतायत. पोरीसाठी. तुम्ही लगेच सुपारी फोडा, नाहीतर संध्याकाळपर्यंत बैलावर विचार करत बसतील."

मुक्ता रडली. सागरने नमस्कार केला तेव्हा ह्यांनी आधी त्याच्या पायांकडे बघितलं, पण ती सवयच होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एकावर सगळं लावलं होतं, आणि मला त्या गाढवाचा, घोड्याच्या त्या तज्ज्ञाचा, एकाएकी अभिमान वाटला.

तो निफाडपर्यंत टिकला. निफाडला चहाला थांबलो तेव्हा ते म्हणाले, "बैल डावीकडे ओढणार, मी म्हटलं होतं ना?" तसं कोणीही काहीही ऐकलं नव्हतं. मुक्ता इतकी हसली की चहा सांडला.

गेल्या दिवाळीनंतर त्यांना दवाखान्यात ठेवलं. मूत्रपिंडं थकली होती. पाय सुजून गुळगुळीत झाले होते, घोटे दिसेनासे झाले होते. मी गेलो तेव्हा सागर कामावरून थेट येऊन त्यांचे तळवे चोळत होता. रोज येत असे, मुक्ताने सांगितलं. तो पाणी आणायला बाहेर गेला तसे हे मला म्हणाले, "लांब पल्ल्याचा निघाला. मी म्हटलं होतं ना?"

त्यांनी तसं मुळीच म्हटलं नव्हतं.

मग त्यांनी आवाज खाली आणला. "इथेही शर्यत चालू आहे बरं का. आधी कोण पोहोचतो त्याची. खिडकीजवळचा रंगाने पिवळा पडलाय, पण जेवतो चांगला. दारापाशीच्याची मुलं रोज भांडतात, ती मजा सोडून तो इतक्यात जाणार नाही. तरी नाकारता येणार नाही." त्यांनी माझ्या चपलांकडे पाहिलं. "तसं तुम्हालाही नाकारता येणार नाही."

मला हसू आलं. जुन्या खोडीने मी यात्रेतल्या त्या माइकवाल्याच्या सुरात म्हणालो, "काका, एकच नाव सांगा."

त्यांनी डावा डोळा बारीक केला. पायांवरची चादर हळूच बाजूला केली आणि स्वतःच्या सुजलेल्या पावलांपासून सुरुवात केली. पोटऱ्या, गुडघे, सावकाश, एकही जागा न सोडता.

"हा," ते म्हणाले.

"काहीतरीच काय बोलता!"

"लावून टाका," ते म्हणाले आणि चादर परत ओढून घेतली.

ते त्याच आठवड्यात गेले. रविवारी आम्ही टपरीवर जमलो. बाकड्यावर मधली जागा सोडून दोन्ही कडांना बसलो. मी दवाखान्यातली ती गोष्ट सगळ्यांना सांगितली. चहा संपला तरी कोणी उठेना. आयुष्यभर आम्ही ज्याची टिंगल केली त्याचं एकच नाव अखेर पहिलं आलं होतं, आणि मांडीवर थाप मारून "मी म्हटलं होतं ना?" म्हणायला तिथे कोणी नव्हतं.