देवडीचं वय

दसऱ्याचा दिवस. इसार एकवीस हजार रुपये. हजर: मी, माझी बायको, प्लॉट विकणारा एजंट आणि कोणी बोलावलं नसताना आबा. एजंट नोटा मोजत होता तेव्हा आबांनी काठीने मागच्या देवडीकडे खूण केली आणि म्हणाले, "दोनशे वर्षांची हाय. असल्या दारातनं घरी जायला नशीब लागतं की." बायको खूश झाली. त्यानंतर एजंट एक रुपयाही खाली उतरला नाही.

अक्कलकोट रस्त्याला, गावाबाहेर, एका जहागीरदारांची बाग होती. बंगला केव्हाच पडला, पेरू-चिकूची झाडं गेली आणि जमिनीचे प्लॉट पडले. उरली ती बागेची दगडी भिंत आणि भिंतीतली देवडी: खाली कमानीचा दरवाजा, आत दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांचे कट्टे, वर एक खोली. त्या खोलीत आबा एकटे राहत. त्यांचे वडील बागेचे कारभारी होते. जमीन विकली गेली तेव्हा देवडी सोसायटीच्या सामाईक जागेत आली आणि देवडीबरोबर आबाही आले. भाडं नाही, कागद नाही. देवडी उभी आहे तोवर आबांना छप्पर, एवढाच करार.

मी शुक्रवार पेठेत एका पेढीवर हिशेब लिहिण्यात उमर घालवलेला माणूस, आणि पुढे या सोसायटीचाही खजिनदार झालो. त्यामुळे देवडीचं वय वाढतंय हे माझ्या लगेच लक्षात आलं. घराचा पाया भरला तेव्हा ती अडीचशे वर्षांची होती. स्लॅब पडला तेव्हा तीनशेची. वास्तुशांतीच्या पंगतीत, दुसऱ्या जिलेबीनंतर, ती साडेतीनशेची झाली. माझं घर बांधायला दीड वर्ष लागलं होतं.

एकदा मी सरळ विचारलं, "आबा, नक्की वय किती?"

"तुमाला किती पायजे?" आबा म्हणाले.

इतिहासही ते माणूस बघून सांगत. शेजारचे अक्कलकोटकडचे व्यापारी आले की देवडी कानडी गवंड्यांनी बांधलेली असे, आणि हे ते कानडीत सांगत. साडीचे माग असलेल्या आमच्या तेलुगू शेजाऱ्यांना त्यांनी सांगितलं होतं की जहागीरदारांचा शामियाना त्यांच्याच पणजोबांनी विणला. पणजोबा तेव्हा सोलापुरात आलेलेही नव्हते. तरी त्या घरातून दर शुक्रवारी आबांना जेवणाचा डबा जाई. आबांनी कोणाकडे कधी काही मागितलं नाही. संध्याकाळी कट्ट्यावर बसत, येणाऱ्या प्रत्येकाला "आलासा का?" म्हणून विचारत, आणि आपण आलो याचा त्यांना खरोखरच आनंद होत असे. माझ्या स्वतःच्या घरात असं विचारायची पद्धत नाही.

आमच्या चेअरमनना मात्र या इतिहासात वेगळाच आनंद सापडला. देवडी ऐतिहासिक म्हणून सरकारदरबारी नोंदली गेली, तर रस्ता, दिवे, फरशा, सगळं फुकटात होईल, असं त्यांनी सभेत सांगितलं. अर्ज झाला. अर्जात देवडी साडेचारशे वर्षांची होती. वाढीव शंभर चेअरमननी पदरचे घातले. सर्वांनी सह्या केल्या. मीही केली. रस्ता मलाही हवा होता.

काही महिन्यांनी पुरातत्त्व खात्याचे एक साहेब आले. चहा घेऊन म्हणाले, "एवढी जुनी असेल तर संरक्षित होईल. मग हिच्यापासून शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम नाही, वाढीव मजला नाही. दुरुस्तीलाही परवानगी लागेल." चेअरमनच्या दुसऱ्या मजल्याच्या सळया तेव्हा साहेबांच्या डोक्यामागेच उभ्या होत्या. सोमवारी पाहणीला येतो, जुन्या माहितगार माणसाचा जबाब लागेल, असं सांगून साहेब गेले.

त्याच संध्याकाळी सगळे कट्ट्यावर जमले. साडीच्या दुकानात होते तशी घासाघीस सुरू झाली.

"आबा, दीडशेवर या."

"दीडशे जास्तच होतात. नव्वद म्हणा."

"नव्वद तरी कशाला? पन्नास करून टाका!"

"पन्नास कशी म्हनू? मीच अठ्ठ्याहत्तरचा हाय."

सगळे हसले. चेअरमन हसले नाहीत. पाण्याचा टँकर कमानीत अडतो म्हणून देवडी पाडायचं त्यांच्या मनात अर्जाच्या आधीपासून होतं, आणि हे आबांना ठाऊक होतं.

लोक पांगल्यावर मी म्हटलं, "आबा, नवी सांगितलीत तर हे पाडतील. तुम्ही जाणार कुठं?"

"लेक हाय की कुर्डुवाडीला. जावई रेल्वेत हाय."

"पण जुनी सांगितलीत तर तुमची खोली राहते."

"आन् तुमची घरं? माझ्या गप्पा ऐकून तुमी लोकांनी हितं पैसं घातलं. एका म्हाताऱ्याच्या खोलीपायी समद्यांनी अडकायचं व्हय?"

सोमवारी साहेबांपुढे आबा ताठ बसले. "सत्तर वर्षांची हाय, साहेब. माझ्या बापानं बांधून घेतली. चुन्याच्या घाणीला बैल फिरायचा, त्या बैलावर मी बसायचो." साहेबांनी भिंतीकडे बराच वेळ पाहिलं, मग आमच्या घरांकडे पाहिलं, आणि ते सत्तर लिहून घेऊन गेले. अर्ज निकाली निघाला.

सोसायटीने आबांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. त्याच सभेत पुढचा ठराव झाला: देवडी जुनी नाही, सबब ती पाडून तिथे पदाधिकाऱ्यांच्या नावांसह स्वागतकमान उभारावी. आबांनीही टाळ्या वाजवल्या. जाताना रिक्षात एक ट्रंक आणि एक वळकटी होती. मला म्हणाले, "कमान उंच करा बरं का. तुमच्या चेअरमनला वाकायची सवय न्हाय."

सत्तर वर्षांचं काम म्हणून जेसीबीवाल्याने एका दिवसात पाडायचं ठरवलं होतं. तीन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी बकेटचा दात तुटला. तो खाली उतरला, आतला चुना बोटाने खरवडून बघितला आणि ओरडला, "सत्तर कुनी सांगितलं हो? असला चुना मी नळदुर्गाच्या किल्ल्यात बघितलाय! हे लई जुनं हाय!" चेअरमननी त्याला खांद्याला धरून भिंतीपलीकडे नेलं.

ठरले होते आठ हजार. दिले तीस हजार. जादा दोन दिवसांचे सोळा, दाताचे आठशे. राहिलेले पाच हजार दोनशे कशाचे, ते मी विचारलं नाही. माझं घर देवडीपासून साठ मीटरवर आहे. पैसे मी स्वतः मोजून जेसीबीवाल्याच्या हातात दिले.