थकलेला कर आणि दोन दिवस उशिरा आलेली फिर्याद

त्या बाईंचा पहिला जबाब मला आजही आठवतो, कारण तो खोटा होता. आणि खोटं बोलण्याची त्यांना अजिबात सवय नव्हती.

मी तेव्हा पेठांच्या भागातल्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. बाई नारायण पेठेत राहणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या. नवरा आजारी पडल्यावर त्याची सात आसनी टुरिस्ट गाडी त्या स्वतः चालवू लागल्या होत्या. ‘‘आज सकाळी शनिवार पेठेतून गाडी चोरीला गेली,’’ अशी त्यांनी फिर्याद दिली. गुन्हा नोंदवला आणि हवालदारांना जागेवर पाठवलं. ते तासाभरात परतले.

‘‘साहेब, समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात गाडी जाताना दिसते, चालवणारा ओळखू येत नाही. फक्त आज नाही, परवा. बाईंचं कॅलेंडर दोन दिवस पुढे धावतंय.’’

त्याच दुपारी ठाण्यात एक फोन आला. नाव न सांगता एक माणूस म्हणाला, ‘‘त्या बाईनं गाडीचा टॅक्स भरलेला नाही. विम्याच्या पैशासाठी तिनंच गाडी लपवली आहे.’’

बाईंना पुन्हा बोलावलं. महिला अंमलदार शेजारी बसली होती. मी कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं. बाईंनी पदराचं टोक घट्ट धरलं.

‘‘ताई, गाडी तुम्हीच लपवलीत असं कोणीतरी आम्हाला कळवलंय. टॅक्स थकलाय, हेही त्याला माहीत आहे. तुम्ही हे कोणाकोणाला सांगितलं होतं?’’

‘‘कोणालाच नाही,’’ त्या चटकन म्हणाल्या. मग थांबल्या. ‘‘फक्त आमच्या एजंटांना.’’

एजंट म्हणजे आरटीओची कामं करून देणारा ओळखीचा माणूस. नवऱ्याच्या दवाखान्याच्या धावपळीत त्याच महिन्यात भरायचा वर्षाचा कर राहून गेला होता. गाडी गेल्यावर बाई आधी त्याच्याकडेच धावल्या. तो म्हणाला होता, टॅक्स थकलेला असला की विमा कंपनी दमडी देत नाही, वर पोलीस तुम्हालाच धरतात. दोन दिवस गप्प बसा, मी कर भरून पावती आणतो, मग चोरी आजच झाली असं सांगा. पावती मात्र आलीच नाही.

‘‘गाडीची दुसरी किल्ली कुठे आहे?’’ मी विचारलं.

‘‘त्यांच्याकडेच. मागच्या महिन्यात पासिंगला गाडी नेली तेव्हा घेतली होती. परत मागायची राहिली.’’ एवढं बोलून त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. सगळा प्रकार त्यांच्याही लक्षात आला होता.

त्या निनावी फोनचा नंबर काढला, तर तो येरवड्यातल्या एका गॅरेजवाल्याचा निघाला. एजंटाचा मेहुणा. पंचांना घेऊन आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा गाडी मागच्या शेडमध्ये होती. नंबरप्लेट काढलेली, चाकं आणि मधली सीट उतरवलेली. आणखी एक दिवस गेला असता तर नुसता सांगाडा मिळाला असता. एजंटाच्या टेबलाच्या खणात किल्ली सापडली. तासभर तो मला कायदा शिकवत होता. किल्ली समोर ठेवली तेव्हा त्यानं पाणी मागितलं.

बाईंना मी स्पष्ट सांगितलं, ‘‘खोटी माहिती देणं हाही गुन्हा आहे. आता पुरवणी जबाबात सगळं खरं सांगा, उशीर का झाला तेही.’’ त्यांनी काही लपवलं नाही. नवऱ्याच्या औषधांपासून सगळं सांगितलं.

पुढे नुकसानीची पाहणी करायला विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. बाईंनी विचारायच्या आत मीच विचारलं, ‘‘टॅक्स थकलाय. क्लेम जाणार का?’’

तो म्हणाला, ‘‘साहेब, टॅक्स थकला म्हणून पॉलिसी आपोआप रद्द होत नाही. पॉलिसी, परवाना, पासिंगचा फिटनेस दाखला, सगळं चालू आहे. कर दंडासह भरावाच लागेल, पण तो सरकारचा आणि यांचा हिशोब. मला खरी अडचण या दोन दिवसांच्या उशिराची आहे.’’

म्हणजे ज्या गोष्टीला बाई घाबरल्या होत्या त्यापेक्षा, घाबरून जे केलं तेच अंगाशी येणार होतं. कंपनीनं बरीच पत्रं पाठवली, खुलासे मागितले. बाईंनी कर भरला, पावती जोडली, पुरवणी जबाबाची आणि पंचनाम्याची प्रत दिली. काही महिन्यांनी क्लेम मंजूर झाला. पेढे घेऊन त्या ठाण्यात आल्या तेव्हा हवालदार म्हणाले, ‘‘बाई, या वेळी तारीख बरोबर आहे ना?’’ त्या मोकळेपणानं हसल्या. पहिल्यांदाच.

नोकरीत मी अट्टल खोटारडे पुष्कळ पाहिले. पण साधा माणूस खोटं बोलतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला कोणीतरी घाबरवलेलं असतं, आणि त्या भीतीवर कोणीतरी आपली पोळी भाजून घेत असतं. कागदातली एखादी चूक दुरुस्त करता येते. ती उघड सांगायला मात्र समोर ऐकून घेणारं कोणी लागतं.

त्या प्रकरणानंतर निवृत्त होईपर्यंत मी एक नेम पाळला. फिर्यादी समोर बसला की पेन उचलण्याआधी विचारायचं, ‘‘इथे येण्याआधी तुम्हाला कोणी काही सांगितलंय का?’’ या प्रश्नावर किती जणांनी सुटकेचा निःश्वास टाकला, ते मी स्वतः पाहिलं आहे.