चिंच पानं मिटते

आमचे हे छापखान्यात प्रूफं तपासतात, तीस वर्षं झाली. डोळ्यांत तेल घालून. पण कवितेचं पुस्तक आलं की यांचं डोकं फिरतं. "चंद्र हसतो काय, वारा रडतो काय! झाडापानांबद्दल काहीही ठोकून देतात. कुणीतरी लगाम घालायला नको?"

असाच लगाम त्यांनी एका निवृत्त शिक्षिकेच्या पुस्तकात घातला. नवरा गेल्यावर बाई कविता लिहायला लागल्या होत्या. ओळ होती, ‘संध्याकाळी चिंच पानं मिटते, तशी मी.’ पानं कुठे मिटतात का, म्हणून यांनी शेवटच्या प्रुफात ‘मिटते’चं ‘ढाळते’ केलं. बाईंना विचारलंसुद्धा नाही. पाचशे प्रती छापून झाल्या.

बाई छापखान्यात आल्या. त्यांनी आरडाओरडा केला असता तर परवडलं असतं, असं हे घरी येऊन म्हणाले. त्या नुसत्या खुर्चीत बसल्या. "ढाळलेलं पान परत येत नाही हो. मिटलेलं सकाळी उघडतं. तेवढ्याच आशेवर मी आहे."

यांचा चेहरा पडला. "रविवारी प्रकाशन आहे ना? त्याआधी सगळ्या प्रती दुरुस्त करून देतो."

"मी सांगते म्हणून नको. आधी बघून या."

बघायला लांब कशाला जायला हवं? छापखान्याच्या दारातच चिंच आहे. तीस वर्षं हे तिलाच सायकल टेकवतात! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मीही गेले. म्हटलं, यांची जिरताना बघू तरी. हे मान वर करून उभे. समोरासमोरची बारीक पानं हळूहळू जवळ आली, चिकटली. दिवे लागेपर्यंत अख्खी फांदी मिटली होती. मला हसायचं होतं, पण यांच्याकडे बघून हसू आलंच नाही.

मग घरी ‘मिटते’ छापलेल्या पाचशे चिठ्ठ्या आल्या. हे कापायचे, मी प्रतींतल्या ‘ढाळते’वर चिकटवायची. शनिवारी दुपारी कात्री थांबली. हे माझ्याकडेच बघत होते.

"तुला चष्मा कधी लागला गं?"

"सहा वर्षं झाली."

मला राग आला आणि रडूही आलं.

"कापा," मी म्हटलं, "अजून दोनशे प्रती राहिल्यात."

पुढची चिठ्ठी माझ्या हातून वाकडी लागली. त्यांनी ती पाहिली, आणि तशीच राहू दिली.